माकडाचे हात पायांपेक्षा लांब असतात का?

‘माकडाचे हात पायांपेक्षा लांब, म्हणून ते फांदीला लोंबकळत झाडावरून झाडावर जातं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पटण्यासारखाच आहे, कारण डोळ्यांसमोर चित्र येतं ते गिबनचं. पण गिबन माकड नाही, कपी आहे, म्हणजे चिंपांझी-गोरिलासारखा बिनशेपटीचा प्राणी. त्याचे हात खरोखरच पायांहून सुमारे सव्वापट लांब असतात.

मोजायचं कसं? दंडाचं हाड आणि कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड यांची एकत्र लांबी घ्या, तिला मांडी आणि नडगीच्या हाडांच्या लांबीने भागा, १०० ने गुणा. पंजे आणि पावलं धरायची नाहीत. माणसात हा आकडा ७० च्या आसपास येतो. बहुतेक माकडांत तो १०० च्या खालीच असतो, म्हणजे पायच लांब. लांब उड्या मारणाऱ्या वानराचा ८० च्या थोडा वर, तर जमिनीवर चौपायी धावणाऱ्या बबूनचा शंभरीच्या जवळ. शंभरी ओलांडणारं स्पायडर माकड हा अपवाद, आणि ते खरंच लोंबकळतं!

आकाराचाही संबंध आहे. चिमुकल्या मार्मोसेट माकडाचा आकडा ७५ च्या आसपास. जड प्राण्याला मात्र जाड खोडाला कवेत घेऊन चढताना लांब हात उपयोगी पडतात.

फोटोवरून ताडून पाहायचं तर बसलेलं माकड नको. दुमडलेल्या गुडघ्यांमुळे पाय आखूड भासतात. संग्रहालयातला सांगाडा सगळ्यात बरा.