प्रूफवर सही करण्याआधी: ‘इट्स’ला अपॉस्ट्रॉफी हवी की नको?

इंग्रजी मजकूर छपाईला देणाऱ्या ग्राहकांसाठी

छपाईला येणाऱ्या इंग्रजी मजकुरात आमची पेन्सिल सर्वांत जास्त वेळा थांबते ती ‘इट्स’पाशी. उच्चार एक, लिहिण्याच्या रीती दोन. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे स्पेलचेक बहुतेकदा गप्प बसतो. मोबाइल तर कधीकधी न विचारताच अपॉस्ट्रॉफी (अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह) घालून मोकळा होतो.

टी आणि एस यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी असेल, तर तो ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप. नसेल, तर अर्थ ‘त्याचा, त्याची, त्याचे’. शंका आली की शब्द फोडून वाचा. ‘इट्स ओपन टुडे’चे ‘इट इज ओपन टुडे’ होते, म्हणजे अपॉस्ट्रॉफी द्या. ‘द कंपनी अँड इट्स कस्टमर्स’मध्ये ‘इट इज कस्टमर्स’ वाचून पाहा. वाक्य तिथेच मोडते, तेव्हा नको. फक्त ‘इज’ लावून मात्र थांबू नका. ‘इट्स बीन टेन इयर्स’मध्ये ‘इज’ बसत नाही, ‘हॅज’ बसतो, म्हणून तिथेही अपॉस्ट्रॉफी हवीच. ही दुसरी पायरी चांगले इंग्रजी लिहिणारेही विसरतात.

गोंधळ होतो तो नामांमुळे. ‘द कंपनीज स्टाफ’ लिहिताना मालकी दाखवायला अपॉस्ट्रॉफी लागते, मग इथे का नाही? कारण ‘इट्स’ हे सर्वनाम आहे. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युवर्स’ यांच्या रांगेतले. ‘हिज’मध्ये अपॉस्ट्रॉफी घालायचे कुणाच्या मनातही येत नाही. (‘वन्स’, म्हणजे ‘स्वतःचा’, याला मात्र लागते. इंग्रजीच ती!) पूर्वी मालकीच्या ‘इट्स’लाही अपॉस्ट्रॉफी देत असत. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात ती आहे. पण हा दाखला आजच्या फलकाला वाचवणार नाही; आता ती चूकच धरतात.

बाकीच्या जोड्यांनाही हीच कसोटी. ‘यू आर’ असे फोडता आले तर वाय-ओ-यू, अपॉस्ट्रॉफी, आर-ई. ‘तुमचा’ असेल तर वाय-ओ-यू-आर. ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ असेल तर अपॉस्ट्रॉफी. ‘कोणाचा’ किंवा ‘ज्याचा’ असेल तर डब्ल्यू-एच-ओ-एस-ई. ‘देअर’ तीन तऱ्हांचा: ‘त्यांचा’ म्हणजे टी-एच-ई-आय-आर, ‘तिथे’ म्हणजे टी-एच-ई-आर-ई, आणि ‘दे आर’चा संक्षेप असेल तेव्हाच अपॉस्ट्रॉफी.

अशी जागा दिसली की आम्ही प्रूफवर गोल करून देतो, परस्पर बदलत नाही. काही घोषवाक्ये मुद्दाम तशी लिहिलेली असतात आणि तो निर्णय तुमचाच. प्रूफ हातात आले की आधी मोठ्या अक्षरांतली ओळ वाचा, मग खालचा बारीक मजकूर. मथळ्यातली चूक सर्वांत शेवटी लक्षात येते, बहुधा छपाई झाल्यावर.