मशेरी

तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड म्हणजे मशेरी. काही भागांत तिला मिसरी म्हणतात. दातांना आणि हिरड्यांना ती लावण्याची सवय महाराष्ट्रात जुनी आहे, बायकांत विशेष. कोकणातून आणि घाटावरून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांबरोबर ती मुंबईच्या चाळींतही रुजली.

मशेरी भाजायला घेतली की घरभर तिखट धूर होतो, भाजणारीला ठसका लागतो. थंड झाल्यावर पाने हाताने चुरतात आणि पूड डबीत भरून ठेवतात. सकाळी उठल्यावर बोटावर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर फिरवायची, थोडा वेळ तशीच तोंडात राहू द्यायची, मग चूळ भरायची. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे अनेकजणी सांगतात. हळूहळू दुपारी जेवणानंतर आणि रात्रीही डबी उघडली जाते. दात घासणे हे केवळ निमित्त उरते, खरी ओढ निकोटिनची असते. दाढ दुखते म्हणून पहिल्यांदा लावलेली मशेरी पुढे आयुष्यभर सुटत नाही, ती यामुळेच.

धूर ओढायचा नाही म्हणजे अपाय कमी, हा समज मशेरीच्या बाबतीत फार घातक आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनातून तयार झालेली इतर विषारी द्रव्ये जातात. तेंदूपत्त्याची विडी मध्येच विझते, ती पेटती ठेवण्यासाठी झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. चुना लावून मळलेल्या तंबाखूत ज्वलन नसते, पण चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. शिवाय पाने सुकवताना, आंबवताना आणि साठवताना त्यांत नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. मशेरी न ओढताही तिच्यात दोन्हीकडचा दोष येतो: नायट्रोसअमाइन मूळ पानातली आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये भाजण्यातून आलेली. स्वीडनमधील ‘स्नूस’ ही तोंडात ठेवायची तंबाखू वाफेची प्रक्रिया करून बनवतात आणि तिच्यात नायट्रोसअमाइनचे प्रमाण बरेच कमी असते; तिच्यावरून मशेरीचा अंदाज बांधणे चूक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गट 1 मध्ये ठेवले आहे.

गरोदरपणातील परिणाम मुंबईतच मोजला गेला. शहरातील 1,217 स्त्रियांवरील अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे बहुतांशी मशेरी लावणाऱ्या, मातांच्या बाळांचे जन्मवजन इतर बाळांपेक्षा सरासरी 105 ग्रॅम कमी भरले. मुदतीपूर्वी प्रसूतीचे प्रमाणही जास्त आढळले. निकोटिन वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते. त्यामुळे आईने चूळ भरून टाकली तरी बाळाची सुटका होत नाही.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी आणली. तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीपर्यंत ती बंदी पोहोचत नाही. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर मशेरी लावणारी बाई मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ती दात घासते. तिला ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असेच विचारावे लागते.