पऱ्हाटी कुजत का नाही?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की यवतमाळ-अमरावतीकडच्या वावरांत संध्याकाळी धूर दिसू लागतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायची, चुलीपुरती ठेवायची, उरलेली पेटवायची. कास्तकार ती हौसेनं जाळत नाही. ती लवकर कुजत नाही, हेच खरं दुखणं.

लाकडाला चिवटपणा देणारं लिग्निन तिच्यात भरपूर आणि नत्र फार कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कर्ब (कार्बन) मानवतो. पऱ्हाटीत कर्ब त्याहून कितीतरी जास्त. म्हणून ती कच्चीच गाडून लगेच पेरलं की पीक पिवळं पडतं. जिवाणू जमिनीतला नत्र उचलतात, रोप उपाशी राहतं. दोष पऱ्हाटीचा नाही, घाईचा आहे.

यावर तोड जुनीच आहे. 1924 ते 1931 या काळात इंदूरला इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या शेतरस्त्यावर अंथरत. गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या की मगच त्या ढिगात जात, सोबत शेण आणि गोठ्यातली मुतानं भिजलेली माती. आज चाकांचं काम श्रेडर, म्हणजे काड्यांचे तुकडे करणारं यंत्र, करतो. दोन-दोन इंचांचे तुकडे, वर शेणकाला, मग सोयाबीनचं कुटार (भुसा), पुन्हा तेच थर. मूठभर माल दाबला तर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. आठवड्यानं ढिगात सब्बल खुपसून थोड्या वेळानं काढा. हातात धरवत नाही. आत पारा 55-60 अंशांवर गेलेला असतो. बोंडात दडलेली गुलाबी बोंडअळी त्यात मरते. धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत मात्र ती पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.

जाळली तर राखेत पालाश उरतो, पण नत्र आणि कर्ब धुरात जातो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली आला तर तो कमी धरतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिकटते. कुजलेलं खत तिला रवाळ करतं, पाणी आत मुरतं, आणि ऑगस्टमध्ये पावसानं खंड दिला तरी पीक चार दिवस जास्त तग धरतं. पहिल्याच वर्षी कापूस दुप्पट होईल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ही मशागत वर्षानुवर्षांची आहे.

अडचण खरी आहे ती उन्हाळ्यातल्या पाण्याची. ढीग बाभळीच्या सावलीत लावा, वर कुटार झाका. फेब्रुवारीत लावलेला ढीग दोन-तीनदा पालटला, ओल टिकवली, तर मृगाच्या तोंडावर त्याला शेणाचा वास राहत नाही, पहिल्या पावसानं भिजलेल्या मातीचा येतो.