हनन्याचा धीर आणि यिर्मयाची आशा

‘परमेश्वर असं म्हणतो’ अशी सुरुवात करून दोन माणसांनी एकाच मंदिरात, त्याच लोकांपुढे, अगदी उलट गोष्टी सांगितल्या. यरुशलेमेत राजा सिद्कीयाच्या कारकिर्दीचं चौथं वर्ष चालू होतं. त्याआधी ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजा नबुखद्नेस्सराने शहर एकदा वाकवलं होतं. तरुण राजा यकन्या, सरदार, कारागीर आणि मंदिरातली पात्रं बाबेलला गेली होती. मागे उरलेल्यांच्या मनात एकच धास्ती होती, की ते पुन्हा आले तर काय? संदेष्टा यिर्मया मानेवर जू घेऊन फिरत होता आणि सांगत होता की बाबेलची सत्ता मान्य करा, हे दिवस लवकर संपणारे नाहीत. मग गिबोन गावचा हनन्या हा दुसरा संदेष्टा पुढे आला. त्याने यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकलं आणि जाहीर केलं की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. पात्रं, राजा आणि पकडून नेलेली माणसंसुद्धा.

त्या दिवशी मंदिरात कोणाच्या मनाला उभारी आली असेल, हे सांगायला नको. भेदरलेल्या माणसाला तारीख हवी असते, आणि हनन्याने ती दिली.

भीतीच्या काळात ख्रिस्ती माणूस ज्याला ‘आशा’ म्हणतो, तिच्यात या दोघांची सरमिसळ होते. दोघेही वचन उद्धृत करतात, प्रार्थना करतात आणि ‘भिऊ नका’ म्हणतात. बाहेरून पाहिलं तर फरक कळत नाही. तरी हनन्याचा धीर आणि यिर्मयाची आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माणसाला एका विशिष्ट निकालाशी बांधून टाकते. दुसरी देवाच्या स्वभावावर उभी असते, म्हणून निकाल काहीही लागला तरी माणूस उभा राहू शकतो. माझं हे मत केवळ पुस्तकी नाही. चुकीचा धीर दिल्याने घरं कशी आतून मोडतात ते मी पाहिलं आहे. त्याकडे येतोच.

आधी हनन्याबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शास्त्रात तो लबाड हेतूचा माणूस म्हणून रंगवलेला नाही. कदाचित त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास असेल. शंभर वर्षांपूर्वी अश्शूरच्या वेढ्यातून देवाने हेच शहर सोडवलं होतं, तेव्हा आताही सोडवील, हा हिशेब अगदीच निराधार नव्हता. आणि यिर्मयाचं पहिलं उत्तर काय होतं? ‘आमेन! परमेश्वर तसंच करो.’ तो मनापासून बोलला असावा, असं मला वाटतं. लोक परत यावेत, हे त्यालाही हवंच होतं. तो निघून गेला, आणि नंतर दुसरा निरोप घेऊन आला: तू लाकडी जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडी जू आलं आहे. खोटा धीर संकट टाळत नाही, तो त्याची तयारी टाळतो, आणि मग तेच संकट जास्त जड होऊन येतं.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात लगेच पुढच्या अध्यायात त्याचं बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. त्यातलं अकरावं वचन मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त टांगलेलं असेल. कॅलेंडरवर, दारावरच्या स्टिकरवर, बारावीच्या निकालाच्या दिवशी व्हॉट्सॲपवर तेच: माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत. वचन खरं आहे आणि लाडकं असावं असंच आहे. पण त्याच्या लगेच वरचं दहावं वचन मी कधी फ्रेममध्ये पाहिलेलं नाही. तिथे म्हटलं आहे की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर वर्षं! पत्र ज्या हातांत पडलं त्यातले बहुतेक हात तोवर मातीत गेलेले असणार होते. आठव्या वचनात तर स्पष्ट बजावलं आहे की तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवू नयेत. म्हणजे आशेचं हे वचन मुळात हनन्यासारख्यांना दिलेलं उत्तर आहे.

आणि मधल्या काळात करायचं काय, तेही पत्रात आहे: घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात मी तुम्हाला नेलं त्याचं हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! ज्याला हनन्याचं पटलं तो बाबेलात झाड कशाला लावेल? दोन वर्षांसाठी कोणी आंबा लावत नाही. तो बोचकं बांधून दारात बसणार, आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे ना घर असणार, ना बाग, ना विश्वास.

या आशेचं सगळ्यात जवळून घेतलेलं चित्र बत्तिसाव्या अध्यायात आहे. आता सिद्कीयाचं दहावं वर्ष आहे. बाबेलची फौज शहराला वेढा घालून बसली आहे आणि यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ शहराबाहेर, वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला. त्या शेतावर पाऊलही ठेवता येणार नव्हतं. यिर्मया ते घेतो, आणि व्यवहार कसा झाला ते शास्त्र बारकाईने सांगतं. सतरा शेकेल रुपं ताजव्यात तोलून दिलं. खरेदीखत लिहिलं, सही केली, शिक्का मारला, साक्षीदार ठेवले. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगितलं की मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार यांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवतात, तीच काळजी. कारण देवाचा शब्द होता की या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते नंतरचं. खत बारूखाच्या हाती गेल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि तिच्या शेवटी गोंधळून विचारतो: नगर तर खास्दी (बाबेलच्या) लोकांच्या हाती जातं आहे, आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस? पैसे मोजून झालेत आणि प्रश्न अजून शिल्लक आहे. हनन्याच्या धिरात प्रश्नाला जागाच नसते, कारण तो एका प्रश्नाने कोसळतो. यिर्मयाला शंका विचारता आली, रडता आलं, आणि तरी सही करता आली. पुढे नगर पडलं, त्याला लोकांनी मिसर देशात नेलं. त्या शेताचं एक कणीस त्याच्या हाती लागल्याचं शास्त्रात कुठे नाही.

आता घरं मोडण्याबद्दल. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान ऑक्सिजनवर होते. भेटायला बंदी होती, फक्त व्हिडिओ कॉल. प्रार्थनेच्या ग्रुपवर त्यांना रोज सांगितलं जात होतं की नकारात्मक बोलू नका, आरोग्याच्या वचनावर दावा करा, मरणाचा शब्द तोंडून काढलात तर विश्वास ढळला असं होईल. एका संध्याकाळी यजमान धापा टाकत म्हणाले, ‘विम्याचे कागद कपाटात खालच्या खणात आहेत, आणि थोरलीला सांग...’ बाईंनी त्यांना तिथेच थांबवलं. ‘असं बोलायचं नाही. तुम्ही घरी येणार आहात.’ ते घरी आले नाहीत. थोरलीला काय सांगायचं होतं, ते कायमचं राहून गेलं. त्यावर कडी म्हणजे, कोणीतरी बाईंना हळूच सुचवलं की विश्वास थोडा कमी पडला असावा. ज्या घराला आधी तारीख दिली, त्याच घरावर नंतर दोष टाकला. मला याचा आजही संताप येतो.

त्याच काळात स्तोत्र ९१ फोनाफोनावर फिरत होतं: तुझ्या बाजूला हजार पडले तरी ती मरी तुला भिडणार नाही. घाबरलेल्या माणसाने ते उशाशी ठेवून म्हणावं, त्यात काही गैर नाही. मीही म्हटलं. पण याच स्तोत्रातली ओळ मत्तयच्या शुभवर्तमानात सैतानाच्या तोंडी आहे. तो येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि सांगतो की खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वचनाचे शब्द खरेच होते, वापर खोटा होता. येशूने उत्तर दिलं की परमेश्वराची परीक्षा पाहू नको.

ही सीमारेषा जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याने १५२७ मध्ये फार नेमकी आखली. विटेनबर्गमध्ये प्लेग आला, विद्यापीठ दुसरीकडे हलवलं गेलं, लूथर मात्र गरोदर पत्नीसह तिथेच राहिला आणि आजाऱ्यांना घरात घेतलं. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारलं होतं की प्लेगपासून पळावं का. त्यावर त्याने लिहिलेल्या पत्राचा आशय असा: ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही त्याने जायला हरकत नाही, पण पाळक, अधिकारी आणि शेजाऱ्याची सेवा ज्याच्याकडे आहे त्याने टिकावं. औषध घ्यावं, घराला धुरी द्यावी, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊन रोग पसरवू नये. औषधाला तुच्छ मानून देवावर भरवसा सांगणारे देवाची परीक्षा पाहतात. त्या डिसेंबरात लूथरला मुलगी झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये ती गेली. त्याच्या आशेने त्याला या दुःखातून सूट दिली नाही.

आपल्याकडे पंडिता रमाबाई. त्यांनी आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गमावले, पती १८८२ मध्ये पटकीने गेले. विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या खर्चाला फळबागेचा हातभार लागावा म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणल्या आणि पुण्यात प्लेगच्या निर्बंधांत त्यांना ठेवता येईना, तेव्हा हीच जमीन उपयोगी पडली. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांची उत्तराधिकारी ठरलेली एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं. एखाद्या संध्याकाळी त्या कोसळल्या नसतील असं मी म्हणणार नाही. पण काम थांबलं नाही.

मग बरं होण्यासाठी प्रार्थना करायचीच नाही का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जरूर करायची, अगदी हट्टाने. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळो. तो टळला नाही. ख्रिस्ती आशेचा पाया नेमका तिथे आहे: देवाने आपल्या पुत्राला मरणाआधी नाही, मरणातून उठवलं, आणि उठल्यावरही हातांवरचे खिळ्यांचे वण तसेच होते. तोमाला तेच दाखवले. म्हणूनच इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात एकाच दमात दोन याद्या येतात. विश्वासाने काहींनी सिंहांची तोंडं बंद केली, तलवारीच्या धारेतून निसटले. विश्वासानेच दुसरे दगडमार होऊन मेले, करवतीने चिरले गेले. पहिल्यांचा विश्वास जास्त आणि दुसऱ्यांचा कमी, असं तिथे म्हटलेलं नाही.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं सांगितलं आहे. तसंच करावं. फक्त प्रार्थना झाल्यावर खुर्ची पलंगाजवळ ओढून बसावं, आणि विचारावं की तुम्हाला कोणाला काही सांगायचं आहे का, कागदपत्रं कुठे आहेत, कोणाला बोलावू? डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेतली का, तेही पाहावं. आणि तो म्हणाला की मला भीती वाटते, तर वचन फेकून त्याचं तोंड बंद करू नये. त्याला बोलू द्यावं.