स्वस्त सॅक घेताना आधी कंबरपट्टा बघा

दुकानात पाठीवर टाकलेली रिकामी सॅक नेहमीच छान वाटते. तीच दहा किलो भरून दोन तास चाललं की मानेच्या मुळाशी ठणकायला लागतं आणि पट्ट्यांचा फोम जाड हवा होता असं वाटतं. दोष बहुतेक वेळा फोमचा नसतो. वजन कमरेपर्यंत पोचलेलंच नसतं.

ते पोचवणं हेच आतल्या फ्रेमचं काम. खांद्यांवर टांगलेलं ओझं कण्यातून खाली उतरतं आणि खांद्याचे स्नायू दिवसभर आखडून राहतात. चांगला कंबरपट्टा तेच ओझं थेट कमरेच्या हाडांवर टेकवतो, तिथून ते पायांवर येतं, आणि पाय हे शरीरातले सगळ्यात दणकट स्नायू. पण पट्टा कितीही जाड असला तरी वरचं वजन त्याच्यापर्यंत आणायला मधे काहीतरी ताठ लागतं. नुसतं कापड खाली ढकलू शकत नाही, ते फक्त लोंबकळतं.

फ्रेम म्हणजे एक उभा खांबच. बारीक खांब चिरडण्याआधी वाकतो. याचं गणित 18व्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं: खांबाला झेपणारं वजन त्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. लांबी 10 टक्के वाढली की झेप सुमारे 17 टक्क्यांनी कमी. उलट, सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून एकच फ्रेम 45 आणि 65 लिटरच्या सॅकमध्ये नुसती लांब करून बसवली असेल, तर मोठी सॅक जास्त सामान घेते आणि कमी पेलते. फ्रेम वाकली की खांद्याचे पट्टे आणि कंबरपट्टा यांच्यातलं अंतर दोन-तीन सेंटिमीटरने आखडतं आणि वजन पुन्हा खांद्यांवर. मग कंबरपट्टा कितीही आवळा, पोट तेवढं दुखतं.

स्वस्त सॅकमध्ये फ्रेम तीन तऱ्हांची सापडते: अॅल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या, प्लास्टिकचा पातळ पत्रा, किंवा कडेने फिरवलेली तार. नुसता पत्रा पुठ्ठ्यासारखा दुमडतो. पत्रा आणि मधोमध एक अॅल्युमिनियमची पट्टी ही जोडी कमी पैशात सगळ्यात भरवशाची. कंपनीने काय छापलंय ते सोडा, पाठीमागच्या कप्प्यात हात घालून चाचपा. मग सॅक जमिनीवर उभी धरून वरून दोन्ही हातांनी दाबा. थोड्याशा दाबाने कंबर मोडल्यासारखी दुमडली तर ती खाली ठेवा.

आणखी एक जागा हमखास बघा, कारण काटकसर तिथेच लपते. फ्रेमचं खालचं टोक कंबरपट्ट्यामागच्या उशीपर्यंत येतं का? बऱ्याच सॅकमध्ये पट्टा दोन बाजूंच्या कापडाला शिवलेला असतो आणि फ्रेम त्याच्या चार बोटं वरच संपते. असा पट्टा सॅक डुलू नये एवढंच बघतो. वजन त्याच्यावर येत नाही.

सॅकचं माप तुमच्या उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान खाली घातल्यावर तिच्या मुळाशी जो टपोरा मणका हाताला लागतो, तिथून मापाला सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून हाडाची वरची कड शोधा आणि अंगठे पाठीकडे वळवा. अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जिथे छेदते तिथे माप संपतं. टेप दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांगा, स्वतःची पाठ स्वतःला नीट मोजता येत नाही. बहुतेक प्रौढांचं माप 40 ते 53 सेंटिमीटरमध्ये बसतं. कमीजास्त करता येणारी पाठ असेल तर उत्तम, नसेल तर माप जुळणारीच घ्या.

एक ते तीन मुक्कामांसाठी 40 ते 50 लिटर पुरतात, आणि रिकामी सॅक दीड किलोच्या आसपास असावी. मोठी घेतली की ती भरली जातेच. एकूण ओझं सहा-सात किलोच्या आत राहणार असेल तर फ्रेमवर पैसे घालवायचं कारणच नाही.

आता घालून बघा, पण रिकामी नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा आठ-दहा बाटल्या कपड्यांत गुंडाळून आत भरा. सगळे पट्टे सैल करा. कंबरपट्ट्याचा मध्य हाडाच्या कडेवर आणून आधी तोच आवळा, मग खांद्याचे पट्टे. पट्टा पुरता आवळल्यावर पुढे दोन गाद्यांमध्ये सात-आठ सेंटिमीटर फट उरली पाहिजे; गाद्या एकमेकींना टेकल्या तर तो तुमच्यासाठी मोठा. आता खांद्याचे पट्टे जरा ढिले करा. सॅक कमरेवर तशीच बसून राहिली तर फ्रेम काम करतेय, घसरली तर नाही. खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे साधारण 45 अंशांत वर चढायला हवेत. फ्रेम खांद्यांच्या वर येत नसेल तर ते निव्वळ शोभेचे. असं वीस मिनिटं चाला, जिनाही चढा. बोटांना मुंग्या आल्या तर पट्टा काखेजवळच्या नसांवर दाबतोय. मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली तर कंबरपट्टा फार खाली किंवा फार घट्ट आहे.

फोम अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा. सहज तळाला टेकणारा, मऊसूत फोम दुकानात सगळ्यात आवडतो आणि वाटेवर सगळ्यात आधी दगा देतो. जाळीची ताणलेली पाठ हवेशीर असते खरी, पण ती सॅकला मागे ढकलते. 12 किलोचा गुरुत्वमध्य पाठीपासून 20 ऐवजी 25 सेंटिमीटरवर गेला की मागे लोळवणारा जोर सव्वापट होतो, आणि तो सावरायला तुम्ही पुढे वाकता. जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीला भरायचं ते याचसाठी.

कापडाचं म्हणाल तर 210 डेनियरचं चांगलं नायलॉन अशा ट्रेकना चालतं. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. तो जाडी सांगतो, दर्जा नाही. नजर शिवणीवर ठेवा: खांद्याचा पट्टा सॅकला जोडलेल्या जागी दाट आडवे टाके हवेत. शिवणींना आतून टेप नसेल तर पाणी येणारच, तेव्हा सोबत मिळणाऱ्या कव्हरपेक्षा आत एक जाड प्लास्टिकची पिशवी बरी.

जुनी सॅक मिळत असेल तर आधी आतून वास घ्या आणि बोट फिरवा. चिकट लागलं किंवा पापुद्रे निघाले तर पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विरघळायला लागलाय, आणि तो पूर्ववत करता येत नाही. तुटलेलं बकल मात्र बदलता येतं, त्यावरून घासाघीस करा.

अॅल्युमिनियमची पट्टी बहुधा सपाटच येते. ती बाहेर काढून पाठीवर धरा, कमरेच्या खळगीपाशी आणि खांद्यांच्या मधे अंतर कुठे राहतं ते बघा, आणि गुडघ्यावर ठेवून थोडी थोडी वाकवत न्या. एकाच जागी पुढे-मागे करू नका, धातू तिथे थकतो आणि मोडतो. परत घालताना खालच्या टोकाला प्लास्टिकची टोपी आहे ना ते बघा. नसेल तर टोकावर जाड टेप गुंडाळा, नाहीतर ते महिन्याभरात कप्प्याचा तळ फाडून बाहेर येईल.