स्फोट की भूकंप? खडक खोटं बोलत नाही

5 ऑक्टोबर 2024 ला इराणच्या सेम्नान प्रांतात 4.5 च्या आसपास महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला आणि ‘इराणने अणुचाचणी केली’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर धावू लागले. पुरावा काय, तर भूकंप ‘फक्त 10 किलोमीटर’ खोल होता! चाचणीची विहीर किंवा बोगदा सहसा काही शे मीटर खोल असतो, 10 किलोमीटर नव्हे. शिवाय खोली नीट ठरत नसेल, तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्था 10 हाच आकडा गृहीत धरते.

खरी खूण लहरींमध्ये असते. स्फोट खडकाला सगळीकडून बाहेर ढकलतो, म्हणून तत्त्वतः प्रत्येक भूकंपमापन केंद्रावर पहिला हेलकावा वरच्या दिशेने उमटतो. भूकंपात प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकातल्या तड्याच्या, दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात, त्यामुळे काही केंद्रांवर तो वर, काहींवर खाली. घसरणीतून आडव्या हलणाऱ्या एस लहरी जोरकस निघतात. स्फोटात दाबाच्या पी लहरी ठळक आणि एस लहरी मरतुकड्या. जमिनीच्या पृष्ठालगत धावणाऱ्या पृष्ठलहरींवरून काढलेली महत्ताही स्फोटात पी लहरींच्या महत्तेपेक्षा साधारण एका अंकाने मागे पडते. सेम्नानचा आलेख साध्या भूकंपाचाच होता. उलट 3 सप्टेंबर 2017 ला उत्तर कोरियाच्या पुंगये-री या अणुचाचणीस्थळावरून 6.1 महत्तेचा स्फोट नोंदला गेला आणि साडेआठ मिनिटांनी डोंगराचा भाग आत खचल्याचा वेगळा धक्का.

पण भूकंपमापक फक्त ‘स्फोट’ म्हणतो, ‘अणू’ म्हणत नाही. त्यासाठी अणुस्फोटात तयार होणारा किरणोत्सारी झेनॉन सापडावा लागतो. हा वायू कशाशीच सहज संयोग करत नाही, म्हणून खडकाच्या भेगांतून निसटतो. हवा तपासणाऱ्या केंद्रावर काही तास हवा ओढून तो सक्रिय कोळशावर धरतात. पकड किती बारीक? घनमीटरभर हवेत दर 17 मिनिटांना एखादा अणू फुटत असेल, तरी कळतं. या झेनॉनचे प्रकार वेगवेगळे: झेनॉन-133 चा अर्धायुष्यकाल (निम्मा उरायला लागणारा काळ) 5.2 दिवस, झेनॉन-131एम चा जवळपास 12 दिवस. पहिला लवकर विरतो, दुसरा रेंगाळतो. दोघांच्या गुणोत्तरावरून वायूचं वय निघतं. 12 फेब्रुवारी 2013 च्या कोरियन चाचणीचा झेनॉन 55 दिवसांनी, हजारेक किलोमीटरवरच्या जपानमधल्या ताकासाकीत सापडला. घोळ एकच: वैद्यकीय वापराची किरणोत्सारी समस्थानिकं बनवणारे कारखानेही झेनॉन सोडतात.

1996 च्या अणुचाचणीबंदी करारासाठी भूकंप, हवा वगैरेंवर नजर ठेवणाऱ्या 321 केंद्रांचं जाळं आखलं गेलं. करार अजून लागू नाही. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाने सहीच केलेली नाही. जाळ्यालाही भोकं आहेत. 13 मे 1998 ला पोखरणमध्ये झालेल्या, एक किलोटनाहून (हजार टन टीएनटी स्फोटकाहून) कमी ताकदीच्या दोन चाचण्या दूरच्या केंद्रांना जाणवल्या नाहीत. आणि जो चाचणीच करत नाही, त्याचं काय? दक्षिण आफ्रिकेने सहा बाँब बनवले आणि मोडूनही टाकले, हे जगाला 1993 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलं. तिथल्या कलहारी वाळवंटात चाचणीसाठी खणलेल्या विहिरी मात्र सोव्हिएत उपग्रहाने 1977 मध्येच टिपल्या होत्या. त्या न वापरताच बुजवल्या गेल्या.