हर्पीस अँटीबॉडी तपासणी (लक्षणं नसताना)

हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात सापडतेत का ते बघणारी तपासणी. ती विषाणू दाखवत नाही, त्याचा माग दाखवते. तो कधी आला, कुणाकडून आला, ओठात बसलाय का खाली, हे तिला सांगता येत नाही, आणि ज्याच्या अंगावर ना पुळी ना जखम अशा माणसाच्या हातात रिपोर्ट पडला की सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

नावाचा घोळ त्याच्याही आधीचा. मराठवाड्यात हर्पीस म्हणलं की लोक नागीण समजतेत. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळं उठते, तिचा या तपासणीशी संबंध नाही. पण दोन्हीकडं साप आलाय तो काही योगायोग नाही. हर्पीस हा शब्द ग्रीक 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणं यावरून आला आणि तो संस्कृत 'सृप्' धातूचा सख्खा भाऊ लागतो, ज्याच्यातून सर्प, सरपटणं आणि आयुर्वेदातला 'विसर्प' निघाले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २१ वा अध्याय विसर्पाचा आहे, मात्र या स्थानातले बरेच अध्याय दृढबल या नंतरच्या संपादकानं भरले आणि ते नेमके कोणते यावर वाद असल्यामुळं अध्यायाचा काळ सैलच धरावा लागतो. जुने भाषांतरकार विसर्प म्हणजे एरिसिपेलस हा जंतूंमुळं होणारा त्वचारोग म्हणतेत, काही वैद्य त्यालाच नागीण समजतेत, तर तिसरा पक्ष सुश्रुताच्या क्षुद्ररोगांतली 'कक्षा' नागिणीला लावतो. सुश्रुतानं कक्षेचे दुखरे काळे फोड बाहू, कूस, खांदा आणि काखेत सांगितलेत, ते वर्णन बघता तिसरा पक्ष जास्त पटतो. अर्थात यातलं काहीच हर्पीस सिम्प्लेक्स नव्हे.

सिम्प्लेक्सचे दोन प्रकार, एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२. पहिला बहुतेक वेळा लहानपणीच येतो, घरातल्या कुणी मुका घेतला तेवढ्यानंही, आणि ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुळ्यांचा झुबका उठतो तो याचाच. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालासाठीचा अंदाज असा की ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांत पहिला प्रकार आहे आणि १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटींत दुसरा. यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो.

आता मुख्य भाग. दोन्ही विषाणूंची प्रथिनं इतकी सारखी की विषाणूची सरसकट प्रथिनं (प्रतिजन) वापरणाऱ्या जुन्या तपासण्यांना त्यांच्यात फरकच करता येत नव्हता. ग्लायकोप्रोटीन जी हे एक प्रथिन मात्र दोघांत पुरेसं वेगळं निघालं, म्हणून प्रकार ओळखायचा तर तपासणी त्याच्यावरच आधारलेली पाहिजे. रिपोर्टावर नुसतं 'एचएसव्ही १+२ आयजीजी' (आयजीजी म्हणजे अंगात टिकून राहणारी अँटीबॉडी) असा एकच आकडा असेल तर तो पॉझिटिव्ह येणं म्हणजे बहुतेक वेळा लहानपणचा ओठाचा विषाणू, त्यावरून कुणाच्या चालीचा हिशोब लावता येत नाही. आयजीएम, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणारी अँटीबॉडी, तिच्या तपासणीचा तर नादच सोडावा. ते नव्या संसर्गाची खूण समजून मागवतेत, पण ते प्रकार ओळखत नाही आणि जुना विषाणू परत उठला तरी पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं ते वापरू नका असंच म्हणलंय.

प्रकार-२ चा वेगळा आयजीजी केला असेल तर पॉझिटिव्ह या शब्दापेक्षा शेजारचा आकडा बघायचा. नेहमीच्या एलायझा पद्धतीत ०.९ च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ अधांतरी, १.१ च्या वर पॉझिटिव्ह. पण १.१ ते ३ मधला पॉझिटिव्ह कच्चा धरतेत, दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीनं तो पक्का केल्याशिवाय निदान करायचं नाही. यासाठी वेस्टर्न ब्लॉट ही कसोटी मानली जाते आणि ती अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते, म्हणजे परभणी-हिंगोलीच्या माणसानं त्याची आशा न केलेली बरी. तपासणी किती चुकते यावर एकमत नाही. सीडीसीनं घेतलेल्या आकड्यानुसार विषाणू नसलेल्यांपैकी फक्त ५७.४ टक्क्यांना ती बरोबर निगेटिव्ह म्हणते, पण तो अभ्यास ब्लॉटसाठी मुद्दाम नमुने पाठवणाऱ्यांचा होता, म्हणजे मुळात शंका असलेल्यांचा, त्यामुळं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं (कोणत्या तपासण्या कराव्या हे सांगणारं तज्ज्ञांचं मंडळ) २०१६ साली धरलेला ८१ टक्के हा आकडा सर्वसाधारण माणसाला जवळचा वाटतो. तो धरला तरी चित्र काही फार बरं नाही: १००० लोकांत १५० जणांना खरोखर विषाणू असेल तर जवळपास तेवढे सगळे पॉझिटिव्ह येतेत, आणि उरलेल्या ८५० निरोगींपैकीही १६१ पॉझिटिव्ह येतेत. निम्म्याहून जास्त रिपोर्ट खोटे! याच कारणानं कार्यदलानं २०१६ मध्ये आणि परत २०२३ मध्ये लक्षणं नसलेल्यांची, गरोदर बायका धरून, सरसकट तपासणी करू नका असं सांगितलं.

निगेटिव्हलाही अट आहे. अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातेत, म्हणून शंकेच्या संबंधानंतर १२ आठवडे झाल्याशिवाय तो पक्का धरत नाहीत. प्रकार-१ ची तपासणी तर बऱ्याच खऱ्या रुग्णांना चुकवतेच.

मराठवाड्यात ही तपासणी मुद्दाम मागणारे कमी, ती पॅकेजमधून येते. एक वाट लग्नाआधीच्या किंवा 'फुल बॉडी' चेकअपची, दुसरी जास्त वाहती वाट टॉर्चची, म्हणजे आईकडून पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या एकत्र तपासणीची. टॉर्च (TORCH) हे आद्याक्षरांचं नाव डॉक्टर नहमियास यांनी १९७१ मध्ये रूढ केलं, त्यातला शेवटचा वर्ण (H) हर्पीसचा. वारंवार गर्भ पडला की बाईचं टॉर्च करायची इथं रीतच पडलीय, नमुना तालुक्याला घेतात, मशीन पुण्या-मुंबईकडं असतं आणि रिपोर्ट येतो मोबाइलवर, तो आधी दीर वाचतो का सासू यावर पुढचं भांडण ठरतं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं वारंवार गर्भपातासाठी नेहमीचं टॉर्च बंद करावं असं कधीचंच म्हणलंय. सरकारी व्यवस्थेचा रस्ता उलटा आहे: सुरक्षा क्लिनिक या गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यांत लक्षणं बघून रंगीत किट देतेत, हर्पीसच्या जखमेला ५ नंबरचं लाल किट, त्यात असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध. जखमच नाही तर किटही नाही.

गरोदरपणात खरा धोका जुन्या अँटीबॉडीचा नसून बाळंतपणाच्या तोंडावर नव्यानं झालेल्या संसर्गाचा आहे. तेव्हा बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के, आणि विषाणू जुना असेल तर १ टक्क्याहून कमी, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाकडंही जातेत. नवऱ्याला आहे आणि बायकोला नाही अशा जोडप्यात शेवटचे तीन महिने संबंध टाळायला सांगतेत.

प्रकार-२ खरोखर पक्का झाला तर लक्षणं नसली तरी विषाणू अधूनमधून कातडीवर येतो, २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात लक्षणं नसलेल्यांत सुमारे १० टक्के दिवस आणि लक्षणं असलेल्यांत २० टक्के दिवस तो सापडला. जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यानं धोका निम्म्याच्या आसपास, ४८ टक्के, घटल्याचं २००४ मध्ये दिसलं, कंडोमनंही तो कमी होतो, संपत नाही. ही गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यायची असते, आणि १.४ सारख्या कच्च्या आकड्यावर ती सुरू करण्यात अर्थ नाही.